रिपोर्टातला आकडा आणि लंडनचा मामेभाऊ

डॉक्टरताई, नमस्कार. वय ३६, राहणार इंदूर. नोकरी पीथमपूरला, पाळ्या बदलत्या. लग्नाला चार वर्षं झाली, दोन वर्षांपासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत, पण अजून काही नाही. त्यात गेल्या काही महिन्यांत इच्छा कमी झाली आहे आणि कधी कधी ऐन वेळी ताठरता टिकत नाही. ‘फुल बॉडी चेकअप’च्या ऑफरमध्ये टेस्टोस्टेरॉन करून घेतलं. रात्रपाळीचा आठवडा होता, चारच्या सुमारास मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. २८४ आलं, पुढे ‘कमी’ छापलेलं. माझ्याच वयाचा मामेभाऊ लंडनला लहानाचा मोठा झालाय. त्याचं तिकडच्या मापाने १९ आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपाचशेच्या आसपास. प्रदेशाप्रमाणे पुरुषांचे हार्मोन कमी-जास्त असतात आणि आपल्याकडे ते कमीच असतात, असं वाचलं. बडोद्याचे साडू म्हणतात, हे शाकाहारामुळे होतं. जिमचा ट्रेनर म्हणतो, आठवड्याला एक इंजेक्शन घे, महिन्यात फरक बघ; कुपी त्याने आणूनही दिली आहे. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या सगळ्या तपासण्या आईने लेडी डॉक्टरांकडे करून घेतल्या, त्या नॉर्मल आहेत. दोष आपल्या मातीतच असेल तर इंजेक्शनशिवाय उपाय काय?
— एक वाचक, रामबाग

नमस्कार.

आधी इंजेक्शनचं बोलू, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही ते टोचून मोकळे व्हाल अशी मला धास्ती आहे. घेऊ नका. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच असे दोन हार्मोन सोडते. एलएचच्या हुकमाने वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं, आणि शुक्राणू तयार व्हायला ते वृषणातलं टेस्टोस्टेरॉन आणि एफएसएच दोन्ही लागतात. बाहेरून टोचलं की रक्तातलं प्रमाण वाढतं, पिट्युटरी हात आखडते, आणि वृषणाचं स्वतःचं काम थंडावतं. रक्तातला आकडा झकास दिसतो, शुक्राणू मात्र घटत घटत शून्यावरही जातात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात हेच औषध, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, निरोगी पुरुषांना देऊन पाहिलं होतं. कशासाठी? गर्भनिरोधक म्हणून. आणि ते चाललं. म्हणजे दोन वर्षं मुलाची वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातात तुमच्या ट्रेनरने पुरुषांचं गर्भनिरोधक ठेवलं आहे, आणि तेही व्यायामशाळेत.

गंमत अशी की तुम्हाला प्रदेशाप्रदेशातला फरक हवा होता, तो याच चाचण्यांत ठळक दिसला. चीन आणि आग्नेय आशियातल्या केंद्रांत शुक्राणू पार शून्यावर जाणाऱ्यांचं प्रमाण पाश्चात्त्य केंद्रांपेक्षा बरंच जास्त निघालं. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. तुमच्या घरात आत्ताच कॅलेंडरकडे डोळे लागलेले असताना हे वर्ष कोण भरून देणार आहे?

आता त्या २८४कडे येऊ. टेस्टोस्टेरॉन दिवसभर एका पातळीवर राहत नाही. झोपेत चढतं, सकाळी सर्वांत वर असतं आणि दुपारनंतर उतरतं. तिशी-चाळिशीच्या पुरुषांत दुपारी चारचा आकडा सकाळी आठच्या आकड्यापेक्षा २० ते २५ टक्क्यांनी कमी भरतो. तुमचं रक्त चारलाच गेलं. नुसतं हे गणित मांडलं तरी सकाळचा आकडा साडेतीनशेच्या वर जातो. तुमच्या बाबतीत गणित इतकं सरळही नाही. रात्रपाळी करून तुम्ही साडेआठला घरी आला असाल. खाली भाजीवाल्याची हाळी, वर कुणाचा तरी मिक्सर, बाराला उठून जेवण आणि मग रक्त. शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. हे २०११ साली प्रसिद्ध झालं आहे. जेवणानेही ते घसरतं. नुसतं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं तरी पुरुषांचा आकडा तासा-दोन तासांत साधारण चतुर्थांशाने खाली येतो. म्हणून नियम असा आहे: सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि एकदा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा कमी आला आणि जोडीला त्रासही असला, तरच ‘कमी’ म्हणायचं. ऑफरवाल्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. त्यांच्या मुलाला चारच्या आत तुमच्या भागातली घरं उरकायची असतात, एवढंच.

‘कमी’ हा शिक्का कोणत्या रेषेवरून मारतात, तेही बघा. एका लॅबच्या कागदावर खालची मर्यादा ३०० असते, दुसरीच्या कागदावर २५०च्या आत. यंत्र वेगळं, रेषा वेगळी. २०१७ साली अमेरिका आणि युरोपातल्या चार मोठ्या अभ्यासांतले आकडे एकाच मापावर आणून १९ ते ३९ वयाच्या, स्थूल नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी पट्टा ठरवला गेला: २६४ ते ९१६. तुमचे २८४ त्यातही बसतात. आणि त्या पट्ट्याची रुंदी पाहा. दोन धडधाकट माणसांपैकी एकाचा आकडा दुसऱ्याच्या तिप्पट असू शकतो, आणि दोघेही एकाच गल्लीत, एकाच दुकानावर पोहे-जिलबी खाणारे असू शकतात. त्यापुढे लंडन आणि इंदूर हे अंतर फारसं उरत नाही.

तरी तुमचा मूळ प्रश्न मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. समाजासमाजात टेस्टोस्टेरॉनचे सरासरी आकडे वेगळे असतात. २००२ सालच्या एका अभ्यासात अमेरिका, काँगो, नेपाळ आणि पॅराग्वे इथल्या पुरुषांची लाळ तपासली होती. तरुणांमध्ये ठिकाणाप्रमाणे चांगलाच फरक होता, पण पंचेचाळिशीपुढच्या पुरुषांत तो जवळजवळ दिसेना. माती किंवा रक्त हेच कारण असतं, तर तो वयाबरोबर असा विरघळला नसता.

तुमच्या मामेभावाचं कोडं सोडवणारा अभ्यास २०१८चा आहे, इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांचा. त्यांनी ३५९ पुरुष घेतले. काही बांगलादेशातच राहिलेले, काही मोठेपणी लंडनला गेलेले, काही लहानपणी नेलेले, काही तिथेच जन्मलेले बांगलादेशी, आणि तुलनेला तिथले गोरे. वंश एक, घरचं जेवणही बरंचसं एक. तरी ज्यांचं बालपण इंग्लंडमध्ये गेलं त्यांचं टेस्टोस्टेरॉन बांगलादेशात वाढलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. लहानपणी गेलेले वयातही लवकर आले आणि उंचही निघाले. मोठेपणी विमानात बसलेल्यांना मात्र लंडनचा असा फायदा झाला नाही. बांगलादेशातले ते पुरुष काही उपाशी घरांतले नव्हते, चांगल्या खात्यापित्या घरांतले होते. संशोधकांचं म्हणणं असं, की लहानपणी वारंवार जंतूंशी झुंजण्यात शरीराची शक्ती खर्च होते आणि मग ते बाकीचे खर्च बेताने ठरवतं. ही पातळी मोठेपणापर्यंत टिकते. म्हणजे भाऊ तुमच्यापेक्षा वेगळ्या मातीचा नाही. तुम्ही जुलाब, विषमज्वर, कावीळ यांच्या शेजारी वाढलात, तो वाढला नाही. जास्त आकडा म्हणजे निव्वळ कमाई असंही नाही. याच संशोधकांनी उतारवयात वाढणाऱ्या प्रोस्टेटच्या तक्रारींचा संबंध त्याच्याशी जोडला आहे.

आणि बांगलादेशात काय किंवा माळव्यात काय, कमी आकड्याच्या पुरुषांना मुलं होत नाहीत असं कुणी म्हणू शकेल का? उलट, मूल झालं की तुमचा आकडा आणखी उतरेल. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांना चार-साडेचार वर्षं तपासलं. जे त्या काळात बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन बाकीच्यांपेक्षा जास्त घसरलं, आणि जे दिवसाचे तीन तास किंवा त्याहून जास्त मुलाचं करत होते त्यांचं सर्वांत कमी होतं. निसर्ग बापाचा आकडा कमी करतो, त्याला आजार म्हणत नाहीत.

साडूंचं एका ओळीत आटपते. इंग्लंडमध्ये जवळपास सातशे पुरुषांचं रक्त तपासलं होतं. त्यात मांसाहारी, शाकाहारी आणि दूधही न घेणारे असे तिन्ही गट होते. शाकाहाराने शरीराला उपलब्ध असलेलं टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं आढळलं नाही. फक्त शेव, कचोरी आणि रबडी हेसुद्धा शाकाहारीच असतात, हे बडोद्याला कळवा.

तिथेच मला तुमची खरी काळजी वाटते. पत्रात वजन नाही, कमरेचा घेर नाही, साखर नाही. प्रदेशाचा जो फरक तुमच्या आयुष्यात खरोखर मोजावा असा आहे, तो इथे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. आपण भारतीय वजनाच्या काट्यावर सडपातळ दिसतो आणि पोटात चरबी बाळगतो. म्हणून आपल्या पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात. युरोपातल्या पुरुषाला त्याहून थोडी सूट आहे. ही पोटातली चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते. शिवाय तिच्यामुळे इन्सुलिन नीट लागू पडेनासं होतं, आणि मग यकृत रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन कमी बनवतं. रिपोर्टात छापून येतो तो एकूण आकडा त्याने आणखी खाली दिसतो. टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांत साधारण तिघांत एकाचं मुक्त, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं, टेस्टोस्टेरॉन कमी सापडलं होतं, अमेरिकेतल्या बफेलोमध्ये, २००४ साली. हे प्रकरण देशातही सगळीकडे सारखं नाही. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के आणि उत्तर प्रदेशात ४.८ टक्के होतं, देशाची सरासरी ११.४. नकाशा बघायचाच असेल तर हा बघा.

तेव्हा उद्या सकाळी बनियन वर करून, बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून टेप लावा. पोट आत ओढू नका, टेप तुम्हीच वाचणार आहात. घेर नव्वदच्या वर असला तर निम्मं निदान घरीच झालं. वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन चढतं, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. मी तुम्हाला सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली सोडा असं म्हणत नाही, इंदूरच्या माणसाला ते सांगण्यात अर्थ नाही. पण रात्री बाराला भुट्ट्याचा कीस, त्यावर जिलबी, मग चार तासांची झोप, हे आठवड्यात किती वेळा होतं ते स्वतःशी खरं बोला. बायकोला विचारा, तुम्ही घोरता का, आणि घोरता घोरता मध्येच श्वास अडकतो का. तसं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, झोपेतल्या त्या आजारानेही इच्छा मरते. गुटखा, तंबाखू, सिगारेट यांतलं काही असेल तर पत्रात तुम्ही ते लिहायचं टाळलंत असं मी धरून चालते.

ताठरतेचा प्रश्न हा बहुतेक वेळा हार्मोनचा नसून रक्तपुरवठ्याचा किंवा मनाचा असतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. आतून थर साचू लागला तर बारीक वाहिनी आधी कुरकुरते. म्हणून काही पुरुषांत ही तक्रार छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू होते, आणि म्हणूनच ३६व्या वर्षी ती लाजून दडपायची नसते. कारण शरीराचं की मनाचं, हे ओळखायला साधी खूण आहे: पहाटे जाग येते तेव्हा आपोआप ताठरता असते का? आठवड्यात बऱ्याचदा असते, आणि फक्त ‘आज तारीख आहे’ असं ठरवलेल्या रात्री दगा देते, तर नळ्या, नसा, हार्मोन सगळं शाबूत आहे असं समजा. मुलासाठी तारखा मोजणाऱ्या जोडप्यांत हे इतकं होतं, की मी ते विचारल्याशिवाय पुढे जातच नाही. पहाटेचीही नाहीशी झाली असेल, तर तपासणी लांबवू नका. युरोपातल्या आठ शहरांत ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला. तिथेही पहाटेची ताठरता जाणं, इच्छा मंदावणं आणि संबंधावेळी ताठरता न येणं, या तीन तक्रारी मिळूनच कमी टेस्टोस्टेरॉनशी जुळल्या. थकवा, चिडचिड वगैरेंचा मेळ तितका बसला नाही. तिन्ही तक्रारी आणि कमी आकडा, दोन्ही खऱ्या अर्थाने असलेले पुरुष निघाले जेमतेम २ टक्के.

दुकानातून गोळी विचारून आणायचा मोह होईल. रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘शक्ती’वाल्या पुड्यांचाही होईल. जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, मिसळलेलं असतं, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार पकडलं आहे. छातीसाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब जीवघेणा कोसळतो. तुम्ही सॉर्बिट्रेट घेत नसाल, पण घरात वडील असतील आणि पुडी त्याच कपाटात असेल.

आता जरा कडू बोलते. दोन वर्षांत तुमच्या पत्नीच्या ‘सगळ्या’ तपासण्या झाल्या. म्हणजे सोनोग्राफ्या, पाळीच्या ठरावीक दिवशी रक्त, कदाचित नळ्यांचा एक्स-रेही, तो तर दुखतो. आणि तुमची एकही नाही. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं किंवा त्याचाही वाटा असतो. वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त, न दुखणारी, आणि तीच आधी करायची असते. टेस्टोस्टेरॉनपेक्षा ती तुम्हाला शंभर पटीने जास्त सांगेल. दोन ते सात दिवस संबंध टाळून, लॅबमध्येच नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत शुक्राणूंची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख धरली आहे. एक रिपोर्ट वाईट आला तर घाबरू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा आजचा रिपोर्ट अडीच महिन्यांपूर्वीचा तापही दाखवू शकतो. तुमच्या कारखान्यात तुम्ही भट्टीजवळ किंवा रसायनांत काम करत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा. वृषणांना उष्णता मानवत नाही.

पत्नीला सांगा. आईसमोर नको, जेवणाच्या टेबलावरही नको. रात्री स्कूटरवर बाहेर पडा, कुठेतरी थांबा. ‘माझा एक रिपोर्ट आलाय, बहुधा चुकीच्या वेळी घेतलेला आहे, पण मला माझीही तपासणी करायची आहे, तू चल,’ एवढं पुरे. ती घाबरेल असं तुम्हाला वाटतंय. माझा अंदाज आहे की तिला आधी बरं वाटेल, कारण दोन वर्षं सगळी बोटं तिच्याकडे आहेत. आणि आईला तुम्हीच सांगा की आता तपासणी माझी आहे. ते वाक्य सुनेने म्हणण्यात आणि मुलाने म्हणण्यात फार फरक पडतो.

क्रम असा ठेवा. पुढच्या वेळी दिवसपाळी लागेल तेव्हा आधी पाच-सहा दिवस जाऊ द्या, रात्री पुरती झोप घ्या आणि साप्ताहिक सुटीच्या सकाळी, उठल्यापासून दोन तासांच्या आत, उपाशीपोटी रक्त द्या. टेस्टोस्टेरॉनसोबत एलएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, उपाशी साखर, एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉन एकाच वेळी होऊ द्या, सुई एकच लागेल. रक्तदाब मोजून घ्या. वीर्यतपासणीही त्याच आठवड्यात. मग ते कागद घेऊन युरोलॉजिस्ट किंवा एंडोक्रायनोलॉजिस्टकडे जा; एम. वाय. या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जा नाहीतर खासगीत, पण जाताना दोघं जा. सकाळचा आकडा खरोखरच दोनदा कमी निघाला, तरी मूल हवं असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देत नाहीत. वृषणाला स्वतः काम करायला लावणारी वेगळी औषधं आहेत आणि ती कोणाला द्यायची हे एलएच पाहून ठरतं.

म्हणूनच एक गोष्ट लपवू नका. ट्रेनरने दिलेल्या कुपीतलं एखादं इंजेक्शन हे उत्तर छापून येईपर्यंत घेऊन झालं असेल, तर कुपी फेकू नका, डॉक्टरांसमोर ठेवा आणि तारीख सांगा. त्या इंजेक्शनने एलएच दाबलेला असतो. ते ठाऊक नसलं तर डॉक्टर नसलेला पिट्युटरीचा आजार शोधत तुम्हाला मेंदूच्या एमआरआयला पाठवतील.